रोजा, उपासमार आणि न्याय

रमजानमध्ये सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य करणारा मनुष्य आणि घरात धान्याचा कण नाही म्हणून उपाशी राहिलेला मनुष्य, या दोघांची भूक दुपारी सारखीच असते. केवळ अन्न मोजणाऱ्यास त्यांच्यात भेद दिसणार नाही. तरीही एकाचे न खाणे ही इबादत आहे, तर दुसऱ्याचे न खाणे हा त्याच्यावरील अन्याय. पहिल्यासमोर खाण्याचा मार्ग खुला होता; दुसऱ्यासमोर तो नव्हताच.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी उपवास व उपासमार यांतील हाच भेद न्यायाच्या चर्चेत आणला. समता म्हणजे नेमकी कशाची समता, असा प्रश्न त्यांनी १९७९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्याख्यानात विचारला. कोणी सुखसमाधान मोजत असे. जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात हक्क, संधी, उत्पन्न अशा मूलभूत साधनांवर भर दिला होता. सेन यांचे म्हणणे असे की, साधन हाती असणे निराळे आणि त्याचा उपयोग करता येणे निराळे. अपंग व धडधाकट माणसाला सारखीच रक्कम दिली, तर अपंगाची बरीचशी रक्कम केवळ हिंडण्याफिरण्याच्या सोयीतच खर्च होते. म्हणून माणसाला प्रत्यक्षात काय करता येते आणि कसे जगता येते, हे पाहावे. यालाच क्षमता-दृष्टिकोन म्हणतात. येथे क्षमता म्हणजे अंगची हुशारी नव्हे, तर जगण्याची खरीखुरी मोकळीक.

या विचारामागे सेन यांच्या बालपणीची एक आठवण आहे. फाळणीपूर्वी ढाक्यात दंगली उसळल्या असताना कादर मियाँ नावाचा मुस्लिम मजूर पाठीत सुरा खुपसलेल्या अवस्थेत त्यांच्या घराच्या आवारात आला आणि पुढे इस्पितळात मरण पावला. हिंदू वस्तीत जाऊ नका, असे पत्नीने विनवले होते. पण घरी खायला काही नव्हते आणि मजुरी तिकडेच मिळणार होती. धोका टाळण्याची मोकळीकच दारिद्र्याने हिरावून घेतली होती.

ही दृष्टी आपल्याला परकी वाटू नये. सुनन अबू दाऊदमध्ये एका अन्सारी याचकाची हकिकत आहे. प्रेषित (स.) यांनी त्याच्या घरातील पांघरूण व पाण्याचा प्याला दोन दिरहमांना विकून दिला. एका दिरहमाचे अन्न घरी पाठवले. दुसऱ्यातून आणलेल्या कुऱ्हाडीला स्वहस्ते दांडा बसवला आणि त्याला पंधरा दिवस लाकूडफाटा विकण्यास सांगितले. तो दहा दिरहम कमावून परतला. भूक आधी शमवली गेली, हे येथे विसरता कामा नये. शिवाय कुऱ्हाड त्याला पेलणार होती. ज्याला ती पेलत नाही, त्याची अडचण निराळी. पवित्र कुरआनने (९:६०) जकातीच्या हक्कदारांत गरिबांबरोबर कर्जदार, प्रवासी आणि गुलामांची मुक्ती यांचाही स्वतंत्र उल्लेख केला आहे.

आपल्या मोहल्ल्यात मात्र सर्व घरी एकाच वजनाची शिध्याची पिशवी पोहोचते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या बापाच्या सेवेसाठी जिची शाळा सुटली, त्या मुलीच्या घरीही तीच पिशवी जाते. शाळेचे कोणी विचारत नाही.