वीस रुपयांचे नाणे : बोटांनी वाचावयाचा मजकूर

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. त्यामुळे वीस रुपयांच्या नाण्यावरील धान्याचे चित्र आपल्याला जवळचे वाटते. परंतु या नाण्याचे खरे वैशिष्ट्य चित्रात नसून त्याच्या कडेत आहे.

नाणे आपण डोळ्यांइतकेच बोटांनीही ओळखतो. अंध व्यक्तीला तर स्पर्शाचाच आधार. १९९० च्या दशकातील दोन रुपयांचे नाणे अकरा बाजूंचे होते. खिशात हात घालताच ते कळे. २००७ च्या नृत्यमुद्रा मालिकेत एक व दोन रुपयांची नाणी गोल व पोलादी होती. व्यास अनुक्रमे २५ व २७ मिलिमीटर, म्हणजे फरक अवघा दोन मिलिमीटरचा! डोळस माणसाचीही फसगत व्हावी असाच हा प्रकार.

७ मार्च २०१९ रोजी प्रकाशित झालेल्या नव्या मालिकेत ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न दिसतो. एक रुपया २० मिलिमीटर व ३.०९ ग्रॅम, तर पाच रुपये २५ मिलिमीटर व ६.७४ ग्रॅम; मूल्याबरोबर आकार व वजन वाढत जाते. दहा व वीस रुपयांचा व्यास मात्र २७ मिलिमीटरच आहे. म्हणून दहाचे नाणे गोल, कडेवर १०० दाते असलेले. वीसचे बारा बाजूंचे, बिनदात्यांचे व ८.५४ ग्रॅम वजनाचे.

जुनी नाणीही चलनात असल्याने अंधांची अडचण पुरती संपलेली नाही. विद्यार्थी मित्रांनो, एकदा डोळे मिटून मूठभर चिल्लर मोजून पाहा. नाण्याच्या कडेचे मोल तेव्हाच कळेल.