मनगट दुखावलेले, संक्रांत तोंडावर

प्रश्न : मनगटाच्या फ्रॅक्चरचे प्लास्टर नुकतेच निघाले. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतील. हळदीकुंकवाचे वाण आणि शेंगाचटणी दरवर्षी मी घरीच करते. यंदा करू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : करा, पण कामे निवडून. साधारण ६ आठवड्यांनी प्लास्टर निघते, तेव्हा हाड जुळलेले असले तरी पुरते भक्कम झालेले नसते आणि मनगट आखडलेले असते. म्हणून हालचाल हवी, भार नको. हलव्याचे दागिने ओवणे, तिळगुळाच्या पुड्या बांधणे चालेल. चटणी कुटणे, भाकरी थापणे, ओल्या चादरी पिळणे नको, कारण त्यात मनगटावर थेट जोर येतो. घरचे म्हणतील, पूर्ण विश्रांतीच बरी. पण न वापरलेला हात अधिक ताठरतो. ‘बोटे चालतात, मग कुटायला काय हरकत?’ हेही खरे नाही. दागिना ओवताना हाडाला धक्का बसत नाही, बत्त्याच्या प्रत्येक घावाला बसतो. चटणी यंदा विकत घ्या, सोलापुरात ती उत्तम मिळते. वाण रथसप्तमीपर्यंत देता येते, तेव्हा दागिने थोडे थोडे करा. दुखणे किंवा सूज वाढली तर थांबा. बोटे बधिर झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.