जांभा लाल, झायनही लाल

प्रश्न : आमचे लेक-जावई अमेरिकेत फिनिक्सला असतात. येत्या जूनमध्ये नातवंडांच्या शाळेला सुट्टी लागली की आम्हा दोघांना घेऊन गाडीने झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस, मॉन्युमेंट व्हॅली असा मोठा फेरा मारायचा त्यांचा बेत आहे. फोटो पाहिले तर सगळा मुलूख आमच्या चिऱ्याच्या खाणीसारखा लालभडक! हा दगड आमच्या जांभ्याचाच भाऊबंद का? जावई म्हणतात, तिथल्या कमानी आणि सुळके वाऱ्याने कोरलेत. नुसत्या वाऱ्याने एवढं होतं? आणि आम्ही खाली उभे असताना एखादी कमान कोसळली तर?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : रंगापुरतं नातं आहे, त्यापुढे नाही. दोन्हीकडचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा. पण जांभा तुमच्या अंगणात जागच्या जागी तयार झाला. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात लोखंड मुळातच भरपूर. त्यावर कोकणातला धो धो पाऊस लाखो वर्षं पडत राहिला. विरघळण्याजोगं जे जे होतं, अगदी सिलिकासुद्धा, ते पाण्याबरोबर निघून गेलं आणि लोखंड नि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तेवढी मागे उरली. जांभा म्हणजे धुऊन-धुऊन उरलेला गाळसाळ. म्हणून तर तो सच्छिद्र. खाणीतून काढताना मऊ असलेला चिरा हवा लागली की टणक होतो, हे चिपळूणकराला मी काय सांगावं!

झायनचा दगड मात्र परगावाहून आलेला आहे. तो वाळूचा खडक. सुमारे १८-१९ कोटी वर्षांपूर्वी युटा, ॲरिझोना आणि आसपासचा भाग म्हणजे सहारासारखं अफाट वाळवंट होतं. वाऱ्याने वाहून आणलेल्या वाळूच्या टेकड्या एकावर एक चढत गेल्या, पुढे गाडल्या गेल्या, दाबल्या गेल्या आणि त्यांचा खडक झाला. नॅवाहो सँडस्टोन असं त्याचं नाव. झायनमध्ये त्याची जाडी काही ठिकाणी २,००० फुटांच्या घरात जाते. आपला सह्याद्री लाव्हाच्या रूपात जमिनीतून बाहेर पडत होता, तेव्हा हा खडक दहा-बारा कोटी वर्षांचा म्हातारा होता.

आता गंमत बघा. या खडकात लोखंड जांभ्याच्या मानाने फारच थोडं आहे. रस्त्याकडेला ओढ्याच्या पात्रात साचलेली चिमूटभर वाळू नातवंडांच्या तळहातावर घाला आणि भिंगातून बघायला सांगा. कण स्फटिकाचे, म्हणजे मूळचे बिनरंगी. प्रत्येकावर हेमॅटाइटचा, म्हणजे त्याच लोखंडाच्या गंजाचा, अगदी पातळ मुलामा तेवढा चढलेला. एवढ्याशा मुलाम्याने हजारो चौरस मैलांचा मुलूख रंगवला आहे. आणि हा मुलामा निघूही शकतो. झायनच्या कड्यांकडे खालून वर पाहत गेलात तर पायथ्याशी लाल असलेला तोच खडक माथ्याकडे पांढुरका होत गेलेला दिसेल. जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्याने आणि इतर द्रवांनी तिथलं लोखंड विरघळवून नेलं. वाटेत काही ठिकाणी ते पुन्हा साकळलं आणि त्याच्या सुपारीएवढ्या काळपट गोट्या तयार झाल्या. २००४ साली ‘ऑपर्च्युनिटी’ ही गाडी मंगळावर उतरली तेव्हा तिला जमिनीवर विखुरलेल्या हेमॅटाइटच्या बारीक गोळ्या दिसल्या. त्यांचा उलगडा करताना शास्त्रज्ञांना युटातल्या या गोट्या फार उपयोगी पडल्या. मंगळावर कधी काळी पाणी होतं, याच्या पुराव्यांपैकी तो एक.

म्हणजे रंगातही पाण्याचा हात आहेच. तिथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे जाऊ. जावईबापू निम्मे बरोबर आहेत. वाऱ्याने वाळू आणली, टेकड्या रचल्या. झायनच्या चेकरबोर्ड मेसावर तिरप्या रेघांच्या चवडी दिसतात, त्या त्या जुन्या वाऱ्याच्याच खुणा. वारा ज्या दिशेने वाहत होता, त्या दिशेला उतरणारे थर. परंतु कोरीव काम वाऱ्याचं नव्हे. ते पाण्याने केलं. आर्चेसला लागून असलेल्या मोआबसारख्या गावात वर्षभरात जेमतेम आठ-दहा इंच पाऊस पडतो, तुमच्याकडे एखाद्या जुलैच्या दिवशी तेवढा पडून जातो. तरीसुद्धा ते काम पाण्याचंच.

आर्चेसमधल्या कमानींची गोष्ट तर मिठापासून सुरू होते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्राचं पाणी पुन्हा पुन्हा शिरलं आणि आटलं. त्यातून हजारो फूट जाडीचा मिठाचा थर साठला. त्यावर खडकांचं ओझं वाढत गेलं. मीठ दगडासारखं वाटलं तरी एवढ्या दाबाखाली ते मळलेल्या कणकेसारखं सरकतं, दाब कमी तिथे फुगून वर येतं. ते फुगलं तसा वरचा वाळूचा खडक वाकला आणि त्याला समांतर भेगा पडल्या. भेगांत पावसाचं पाणी शिरलं. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. वाळूचे कण ज्या चुन्याने एकमेकांना धरून ठेवलेले असतात, तो चुना ते हळूहळू विरघळवतं. हिवाळ्यात तेच पाणी गोठतं, फुगतं आणि पाचरीसारखं दगड फाकवतं. भेगा रुंदावत गेल्या आणि मधे उभ्या पातळ भिंती राहिल्या. भिंतीत खाली मऊ थर असला की तो आधी झडतो, आरपार भोक पडतं, भोकाचं भगदाड होतं. तीन फुटांपेक्षा मोठं भगदाड असेल तरच त्याची कमान म्हणून नोंद होते. अशा दोन हजारांहून जास्त कमानी त्या एका उद्यानात नोंदलेल्या आहेत.

ब्राइसचा मामला वेगळा. तो वाळूचा खडक नाही. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यांत बसलेला चुनखडीचा गाळ आहे. उद्यानाची कड समुद्रसपाटीपासून आठ-नऊ हजार फुटांवर. तिथे वर्षातल्या निम्म्याच्या आसपास दिवसांत रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. या गोठण्या-वितळण्याने तिथले ते हजारो सुळके घडवले. तिथले मूळ रहिवासी पायूट लोक सांगतात, की हे सगळे पूर्वी माणसांच्या रूपातले जीव होते. ते वाईट वागले म्हणून कोल्ह्याने, म्हणजे त्यांच्या कथांतल्या कायोटीने, त्यांना जागच्या जागी दगड करून टाकलं. बदलापूरजवळच्या डोंगररांगेतले नवरा-नवरीचे सुळके माहीत असणाऱ्या माणसाला ही गोष्ट परकी वाटायची नाही. नातवंडांना तिथे उभं राहून सांगावी अशी आहे.

आणि झायनची ती खोल दरी तर सरळसरळ नदीने कापलेली. व्हर्जिन नदी उन्हाळ्यात पाहिलीत तर ‘एवढीशीच?’ म्हणाल. घोट्याएवढं पाणी. पण तिचा उतार मैलामागे ५० ते ८० फुटांचा आहे, आणि वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला की तीच नदी झाडांचे ओंडके नि दगडगोटे घेऊन अंगावर येते. उघडा कातळ, माती नाही, गवत नाही, पाणी मुरणार कुठे? पडेल तेवढं घळीत. या पुराचं कोकणी माणसाला आधी नवल वाटतं. आपला पूर दिवसभर पडणाऱ्या पावसातून, नदीची रेघ बघत-बघत येतो. तिथला पूर डोक्यावर निळं आकाश असताना येऊ शकतो. १२ ऑगस्ट १९९७ला ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक असेच वाहून गेले. पाऊस पडला होता तो कित्येक मैल दूर. सप्टेंबर २०१५मध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले. ही माणसं बेपर्वा होती असं मला वाटत नाही. वाळवंटात पाण्याचं भय असतं, हेच मुळात मनात येत नाही.

म्हणून सुळके-कमानींच्या भीतीपेक्षा घळींची भीती बाळगा. झायनमध्ये नदीतून चालत जायची ‘नॅरोज’ नावाची वाट आहे. तरुण मंडळी तिथे जायचा हट्ट धरतील. तुम्ही सुरुवातीच्या पक्क्या वाटेवरच थांबलात तरी दरी डोळे भरून दिसते. जे पाण्यात उतरणार आहेत त्यांनी त्या दिवसाचा पुराचा अंदाज बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये. तो उद्यानाच्या माहिती केंद्रात रोज लावलेला असतो.

आता कमान कोसळण्याचं. पडतात हो. खोटं कशाला सांगू? आर्चेसमधली लँडस्केप आर्च जवळपास ३०० फुटांची, जगातल्या सर्वांत लांब नैसर्गिक कमानींपैकी एक आणि मधोमध अगदीच काटकुळी. १ सप्टेंबर १९९१ला तिच्या खालच्या अंगाचा साठेक फूट लांबीचा थर निसटून पडला. खाली माणसं बसली होती. दगड कडकडायला लागल्याचा आवाज ऐकून ती पळाली आणि वाचली. तेव्हापासून कमानीखालून जाणारी वाट बंद आहे. दुरूनच बघायची. ऑगस्ट २००८मध्ये त्याच भागातली वॉल आर्च एका रात्रीत पूर्ण कोसळली. कुणी जवळ नव्हतं. ऑगस्ट २०२४मध्ये ग्लेन कॅन्यनमध्ये, लेक पॉवेलच्या काठची एक प्रसिद्ध कमान गेली. पण हिशेब बघा : दोन हजारांवर कमानी, वर्षाला लाखो माणसं, आणि पडझडीच्या मोठ्या नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या. फोटोत हमखास दिसणारी डेलिकेट आर्च, युटाच्या मोटारींच्या नंबरप्लेटवर जिचं चित्र असतं ती, अजून भक्कम उभी आहे. तिच्या पायथ्यापर्यंत जाऊन-येऊन तीन मैल आणि सुमारे ४८० फुटांची चढण आहे, सावलीचं नाव नाही. गुडघे कुरकुरत असतील तर गाडीतळाजवळच्या सपाट जागेवरून लांबून दर्शन घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

पायाखाली मात्र लक्ष असू द्या. वाटेच्या दुतर्फा जमिनीवर काळपट, खरखरीत, बारीक उंचवट्यांचा पापुद्रा दिसेल. तो मळ नाही, जिवंत आहे. सूक्ष्म जीव, शेवाळं, दगडफूल यांनी वाळूचे कण एकत्र बांधून ठेवलेत, त्यामुळेच ती वाळू उडत नाही आणि झाडं रुजतात. त्यावर एक पाय पडला तर तो पापुद्रा भरून यायला अनेक वर्षं लागतात, काही ठिकाणी दशकं. फोटोसाठी वाट सोडून आत शिरणारे लोक पाहिले की माझं डोकं फिरतं.

तुमच्या यादीत कॅपिटॉल रीफचं नाव दिसत नाही, ते घालून घ्या. ब्राइसहून मोआबला जाताना वाटेवरच आहे. तिथे हायवेच्या अगदी कडेला, लाकडी फळ्यांच्या सपाट वाटेवरून फ्रीमाँट संस्कृतीच्या लोकांनी कड्यावर कोरलेली माणसं आणि मेंढे दिसतात. रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं पाहिली असतील तर तुम्हाला ती बघायला विशेष मजा येईल. आपली आडव्या सड्यावर, आभाळाकडे तोंड करून. त्यांची उभ्या भिंतीवर. शिवाय तिथे मॉर्मन वसाहतवाल्यांनी लावलेल्या जुन्या फळबागा आहेत. फळं तयार असतील तर आपल्या हाताने तोडून तिथल्या तिथे खाता येतात. जूनमध्ये चेरी मिळायचा संभव असतो.

चार गोष्टी प्रवासाच्या. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन ही राष्ट्रीय उद्यानं नाहीत. ती नॅवाहो लोकांच्या स्वतःच्या भूमीवर आहेत, तिथे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास चालत नाही, आणि अँटिलोपमध्ये तर त्यांच्या वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. त्या पासचे दर २०२६पासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांसाठी निराळे आणि बरेच चढे आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी लेकीला एकदा तपासायला सांगा. घड्याळाचा घोळ निराळाच : उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं, आणि ॲरिझोनाच्या पोटात असलेली नॅवाहो भूमीही करते. बुकिंग करताना दिलेली वेळ कुठल्या घड्याळाची, हे विचारून घ्या. पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा. मोआबला दुपारी ३८ अंशांच्या वर पारा जातो, ब्राइसला त्याच महिन्यात रात्री स्वेटर लागतो.

आणि महिना तुम्ही नकळत बरा निवडला आहे. जून तिथला बहुधा सर्वांत कोरडा महिना. जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरपर्यंत दुपारच्या वादळी पावसाचा हंगाम असतो, त्यालाही तिथले लोक मान्सूनच म्हणतात. त्यामुळे सुट्टी लागल्याबरोबर निघा आणि जुलै उजाडायच्या आत फिनिक्सला परत या.