माशांच्या काचपेटीचे कपाट

घरात मासे पाळायची हौस आहे ना? मग आधी काचपेटीचा भार मोजू या.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. पेटी 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच असली, तर तिच्यात सुमारे 56 लिटर पाणी मावते. म्हणजे नुसते पाणीच 56 किलो! काच आणि वाळू निराळी. एवढा भार डुगडुगते टेबल कसे सोसणार? पेटी पोराच्या अंगावर आली तर?

म्हणून आपण कपाट करू. सागाचे सुके लाकूड घ्यावे. चार कोपऱ्यांना चार खांब उभे करावे. वरची चौकट खांबांच्या डोक्यावर बसवावी. खिळ्यांवर टांगू नये. भार खांबांतून थेट जमिनीवर गेला पाहिजे. मागे फळी ठोकली, की कपाट डुलत नाही.

मग गवंड्याची पाणसळ लावून पाहावी. कपाट कलते असले तर काचेवर ताण येतो.

वर बिजागरीचे झाकण हवे. नाहीतर मासे उडी मारून बाहेर पडतात. झाकणात दिवा बसवावा. ओलीने लाकूड फुगते. म्हणून आतून रंगाचे दोन हात द्यावे, मागे हवेला फट ठेवावी.

दिव्याच्या तारेला बटणाच्या खाली झोळ द्यावा. तारेवरून ओघळलेले पाणी झोळाशीच गळून पडते, बटणात शिरत नाही. आणि पाण्यात हात घालण्याआधी वीज बंद!

हिशेब करा : पेटी 3 फूट लांब केली, रुंदी-उंची तीच ठेवली, तर पाण्याचा भार किती किलो?