सुट्टीतलं पुस्तक मुलांना निवडू द्या

पालकहो, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की शाळेच्या ग्रंथालयात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, सुट्टीत हिला वाचायला काय देऊ?" विचारणारे बहुधा तुम्ही असता. जिच्यासाठी विचारता ती शेजारी गप्प उभी असते, कधीकधी तर दाराबाहेर मैत्रिणीशी बोलत असते. पाचवी ते आठवीच्या मुलांमध्ये माझा सगळा दिवस जातो, म्हणून या प्रश्नावर आज तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचं आहे.

वाचन सुटतं ते याच वयात. तिसरी-चौथीत ग्रंथालयाच्या तासाला धावत येणारी मुलं सातवीत गेली की खिडकीशी रेंगाळतात, कपाटातलं पहिलं हाताला येईल ते पुस्तक उचलतात आणि पुढच्या तासाला न उघडताच परत देतात. चित्रांची पुस्तकं त्यांना आता लहान मुलांची वाटतात. मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून झेपत नाहीत. त्यात शिष्यवृत्तीचे क्लास सुरू होतात आणि घरातही पुस्तकाबद्दलचं बोलणं बदलतं. मूल लहान असताना आपण त्याला गोष्टीत मजा आली का विचारत होतो. आता शब्दसंग्रह वाढला का, निबंध सुधारला का, हे विचारू लागतो. मुलांना हा फरक लगेच कळतो.

म्हणून माझं पहिलं मागणं असं आहे की यादी शोधायच्या आधी मूल आत्ता काय वाचतंय ते चार दिवस नुसतं बघा. वाचत नाही म्हणता ते मूल वर्तमानपत्राचं क्रीडापान मागून वाचतं, गाड्यांची माहिती तोंडपाठ सांगतं, नाहीतर भुताच्या गोष्टींचे व्हिडिओ बघतं. पुढचं पुस्तक कोणत्या दिशेला आहे ते तिथेच कळतं.

मागच्या एप्रिलमध्ये एक ताई त्यांच्या सहावीतल्या मुलाला घेऊन आल्या. हातात मोबाइल, त्यावर कुणीतरी पाठवलेली 'वाचलीच पाहिजेत' अशा पुस्तकांची यादी. त्या एकेक नाव वाचत होत्या, मी काढून देत होते, टेबलावर गठ्ठा वाढत होता. मुलगा प्रत्येक पुस्तक उचलून अंगठ्याने पानांची जाडी बघायचा आणि खाली ठेवायचा. मग तो हळूच मागच्या कपाटाकडे गेला, सापांवरचं एक रंगीत पुस्तक काढलं आणि जमिनीवरच बसला. घोणस आणि अजगर यांच्या अंगावरच्या ठिपक्यांत काय फरक असतो ते बोट ठेवून वाचत होता. ताईंनी हाक मारली, "अरे, ते राहू दे, गोष्टीचं काहीतरी घे." मी त्यांना एवढंच म्हटलं, आज तेच नेऊ द्या. मे महिन्यात तो ते परत करायला आला तेव्हा जंगलावरचं दुसरं मागितलं. मारुती चितमपल्लींच्या 'रातवा'मधला एक लेख मी त्याला तिथेच वाचून दाखवला. चितमपल्लींनी वनखात्यात आयुष्य काढलं, त्यामुळे त्यांच्या लेखनात पक्षी आणि झाडं त्यांच्या खऱ्या, गावोगावच्या नावांनी येतात. सहावीतल्या मुलाला त्यातले बरेच शब्द नवे होते, पण तो अडला नाही. साप आवडणाऱ्या मुलाला जंगलातले शब्द जड वाटत नाहीत.

ज्याला रहस्य आवडतं, त्याच्या हाती सत्यजित राय यांचा फेलूदा द्या. अशोक जैन यांनी त्या कथा मराठीत आणल्या आहेत. 1965 साली पहिली फेलूदा कथा 'संदेश' या बंगाली बालमासिकात आली. ते मासिक राय यांच्या आजोबांनीच सुरू केलेलं. लिहिताना समोर मुलंच होती, म्हणून तपास चोख आहे आणि भडकपणा कुठेही नाही. शिवाय गोष्ट सांगतो फेलूदाचा धाकटा चुलतभाऊ तोपशे, जो वाचणाऱ्या मुलाच्याच वयाचा आहे. ज्याला यंत्रं, ग्रह, कृष्णविवरं यांचं वेड आहे त्याला जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' द्या. देताना एक किस्साही सांगा. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतलं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने नाव लपवून स्पर्धेत भाग घेतला आणि पहिला नंबर काढला, हे ऐकून मुलं खूश होतात आणि पुस्तक उघडतात.

आता फास्टर फेणेबद्दल, कारण तुमच्यातले निम्मे बाबा त्याच्यासाठीच येतात. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे मलाही फार प्रिय आहे. पण आपण त्याच्यासोबत वाढलो म्हणून आपलं मूल पहिल्याच पानाला त्याच्या प्रेमात पडेल असं नाही. सायकलवरून पुणं पालथं घालणारा मुलगा आजच्या मुलाला थोडा अनोळखी असतो. संपूर्ण संच एकदम आणून कपाटात लावला की त्याचं दडपणच येतं. एकच आणा, 'प्रतापगडावर फास्टर फेणे' किंवा 'जंगलपटात फास्टर फेणे', आणि पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा. बाराव्या-तेराव्या वर्षीही मुलांना कुणी वाचून दाखवलेलं आवडतं, ती ते कबूल करत नाहीत एवढंच. फेणे नाहीच जमला तर दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे बघा. त्यातल्या गोष्टी छोट्या आहेत, एका बैठकीत एक होते.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या पालकांशी मला वेगळं बोलायचं आहे. तुमची मुलगी घरी छान मराठी बोलते, पण मराठी वाचते ती जोडाक्षरांना अडखळत. मग आपण तिला दुसरीतल्या मुलांचं पुस्तक देतो. तेरा वर्षांच्या मुलीला ससा-कासवाच्या गोष्टीत रस कसा वाटेल? तिचं मन तेरा वर्षांचं आहे, फक्त वाचनाचा वेग कमी आहे. तिला विषय तिच्या वयाचा हवा आणि प्रकरणं आखूड, संवाद भरपूर, अक्षर मोठं. पहिली काही पानं आळीपाळीने वाचा, एक परिच्छेद तुम्ही, एक ती. चूक झाली तर तिथे थांबवून दुरुस्त करू नका. गोष्ट पुढे गेली की तोच शब्द पुन्हा येतो आणि तिला आपोआप नीट वाचता येतो. परदेशात राहणाऱ्या, शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यात दोन-तीन पानांच्या गोष्टी, कविता, कोडी, माहितीपर लेख असं सगळं असतं. अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

एका आईने 'पाडस' परत आणलं होतं. म्हणाल्या, "मॅडम, ती रात्रभर रडली." राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली ही कादंबरी मार्जोरी रॉलिंग्ज यांची. फ्लोरिडातल्या रानात राहणारा ज्योडी हरणाचं पाडस वाढवतो आणि शेवट फार कठीण आहे. मी त्यांना विचारलं, पुस्तक तिने मधेच सोडलं का? नाही, शेवटपर्यंत वाचलं. सकाळी उठून आईला सगळी गोष्ट सांगितलीही. मग त्या रडण्याला घाबरू नका. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला जगात दुःख आहे हे माहीत झालेलं असतं. आजोबा गेलेले असतात, मित्राच्या घरी भांडणं चाललेली असतात. पुस्तकातलं दुःख त्याला घरात सुरक्षित बसून, हवं तेव्हा पान मिटून सोसता येतं. फक्त असं पुस्तक मुलाच्या आधी किंवा मुलाबरोबर तुम्ही स्वतः वाचा. सकाळी ती बोलायला आली तर समोर गोष्ट माहीत असलेलं माणूस हवं.

'श्यामची आई'चंही तसंच. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. त्यात श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो आणि प्रकरणांनाही रात्रींचीच नावं आहेत. मग ते वाचावंही तसंच, रात्री जेवणं झाल्यावर, एका वेळी एक. पण "बघ, श्याम आईचं कसं ऐकायचा" हे वाक्य त्या पुस्तकाबरोबर देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. त्या एका वाक्याने कित्येक मुलांच्या मनातून ते पुस्तक उतरलेलं मी पाहिलं आहे. श्यामही खोड्या करतो, खोटं बोलतो, पोहायला घाबरून माळ्यावर लपून बसतो. मुलांना तो श्याम भेटू द्या.

मुलांची पुस्तकं आणि मुलींची पुस्तकं अशी वाटणी करू नका. शांता शेळक्यांचं 'चौघीजणी' मुलांनाही द्या, साहसकथा मुलींनाही. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' दोघांनाही आठवीच्या सुट्टीत देण्यासारखं आहे. गुलामगिरीत जन्मलेला एक आजारी मुलगा पुढे मातीचा आणि भुईमुगाचा शास्त्रज्ञ होतो, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना तर विशेष जवळचं वाटतं.

जुन्या पुस्तकांत कधी जातीवरून, रंगावरून, मुलींवरून असं काहीतरी येतं, जे आज वाचताना आपल्याला खटकतं. तेवढ्यासाठी पुस्तक लपवू नका. "तुला हे कसं वाटलं?" असं विचारा. मुलं फार चांगलं उत्तर देतात.

घरातल्या नियमांबद्दल थोडं कडक बोलते. दिवसाला वीस पानं, प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहीत, पुस्तक संपलं तर मोबाइलचा जादा अर्धा तास, हे सगळं बंद करा. ज्या कामासाठी बक्षीस द्यावं लागतं ते काम वाईटच असणार, असं मुलं धरून चालतात. मुलाला पुस्तक अर्ध्यावर सोडू द्या. आपणही सोडतो. तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचत असेल तर वाचू द्या, त्याला त्यातून अजून काहीतरी मिळतं आहे. कॉमिक्स वाचत असेल तर तेही वाचनच आहे. मे महिन्यातली दुपार, एक ते चार, बाहेर ऊन रणरणत असतं, खेळायला जाता येत नाही. त्या वेळी घरातला टीव्ही बंद असला आणि तुम्हीही हातात काहीतरी घेऊन आडवे झालात, तर वेगळं काही सांगावं लागत नाही. विदर्भात तर शाळा जूनअखेरपर्यंत उघडत नाहीत, अशा दुपारी तिथे आणखी जास्त मिळतात.

खर्चाची काळजी करणाऱ्या पालकांनो, सुट्टीभर नवी पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठीतली पुष्कळ पुस्तकं फुकट वाचायला आहेत. महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर वाटेत भिलारला थांबा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथे घराघरांत पुस्तकांची कपाटं आहेत, बालसाहित्याचं वेगळं घर आहे, आणि कुणाच्या ओसरीत बसून कितीही वेळ वाचलं तरी कुणी उठवत नाही. गठ्ठाभर नावं ऐकून न हललेली मुलं तिथे तासभर बसतात.

पण सगळ्यांत जवळचं म्हणजे तुमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय. तिथे बालविभाग असतो, बहुधा काचेच्या कपाटात, बहुधा कुलूपबंद. ग्रंथपालांना विनंती करून ते कपाट उघडून घ्या आणि मुलाला त्याच्यासमोर एकटं सोडा. तुम्ही वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसा. त्याला एकच गोष्ट सांगा: पुस्तक मधेच कुठेतरी उघड आणि उभ्या उभ्या एक पान वाच. ओळीओळीला अडखळलास तर ठेवून दे. पुढचं पान आपोआप उलटलंस तर घे. त्याने उचललेलं पुस्तक तुम्हाला थिल्लर वाटलं तरी नेऊ द्या. दुसरं पुस्तक तुमच्या पसंतीचं असू दे, ते त्याच्या नकळत घरातल्या टेबलावर ठेवा. वर्गणीचे आणि अनामतीचे पैसे तुम्ही भरा, अर्जावर पालक म्हणून सही करा, पण कार्ड त्याच्या नावाचं काढा आणि परतीच्या तारखेची आठवण त्यालाच ठेवू द्या.