पाचवा विभाग

प्रश्न : समलिंगी गायकांच्या वृंदाचा इतिहास साजरा करणारी रचना करतो आहे. सनावळी गाण्यात कशी बसवू?

उत्तर : बसवूच नका, ती कार्यक्रमपत्रिकेत छापा. सॅन फ्रान्सिस्कोचा गे मेन्स कोरस पहिल्यांदा लोकांसमोर गायला तो २७ नोव्हेंबर १९७८ रोजी, समलिंगी नगरसेवक हार्वे मिल्क आणि महापौर मॉस्कोनी यांची हत्या झाली त्या दिवशी रात्री, सिटी हॉलच्या पायऱ्यांवर. तालमींना महिनाही झाला नव्हता; गायले मेंडेल्सनची प्रार्थना. पुढे एड्सने तीनशेच्या वर सदस्य गेले. दिवंगतांना तिथे ‘पाचवा विभाग’ म्हणतात. पुरुषवृंदात स्वरविभाग चार, म्हणजे आराखडा आयताच हाती आला : पाचवी ओळ लिहा, आणि मध्येच ती रिकामी सोडा. मग उत्सव कुठे उरला, असं कोणी विचारेल. उरलेल्या चार विभागांनी सूर न सोडण्यात तो आहे. फक्त शेवटचा स्वरमेळ भपकेदार करू नका.