वळूच्या शुक्राणूंतील प्रथिने आणि बीजविचार : एक अभ्यास

प्रस्तावना

पुणे-सातारा महामार्गावरील कापूरहोळ येथून एक वाट भोरकडे, तर दुसरी सासवडकडे जाते. या परिसरात शेतीला गोठ्याची जोड असल्याने वैद्याच्या दारी आलेले कुटुंब स्वतःच्या प्रकृतीबरोबर जनावराचीही विचारणा करते. ‘गाय तीनदा भरवली, तीनदा उलटली, काही औषध द्या’ ही मागणी येथील वैद्यांना व औषध विक्रेत्यांना नवी नाही. या मागणीत दोष गाईचा, हे आधीच गृहीत धरलेले असते. पुढे गाय भाकड ठरते व तिला बाजार दाखवला जातो. अपत्यहीन दांपत्याच्या बाबतीतही पुष्कळदा असेच घडते. तपासणीसाठी प्रथम स्त्रीला आणले जाते व पुरुषाचा अहवाल ‘सामान्य’ असेल, तर त्याचा विचार तेथेच संपतो. हे गृहीत कितपत ग्राह्य आहे, याचे उत्तर वळूच्या शुक्राणूंवरील संशोधनात मिळते. म्हणून हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

संहितोक्त विचार

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात गर्भधारणेस ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज या चार घटकांचा संयोग आवश्यक मानला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात फेनिल, तनु, रूक्ष, विवर्ण, पूति, पिच्छिल, अन्यधातुसंसृष्ट व अवसादि असे आठ शुक्रदोष आले आहेत. हे सर्व दोष वर्ण, गंध, स्पर्श, घनता अशा प्रत्यक्ष परीक्षणाने ओळखावयाचे आहेत. परंतु शारीरस्थानात चरकाचार्य याच्याही आत जातात. तेथे बीज, बीजभाग व बीजभागावयव असा क्रम असून पुरुषबीजातील भागाच्या दुष्टीने वंध्य संतती होते, असा स्वतंत्र विचार आहे. म्हणजे शुक्राची दृश्य शुद्धी व बीजाची आंतरिक निर्दोषता या दोन वेगळ्या बाबी मानल्या आहेत. प्राचीनांना प्रथिने ठाऊक होती, असा दावा आम्ही करीत नाही. मात्र हा दुपदरी विचार पुढील विवेचनास उपयुक्त आहे.

कृत्रिम रेतन व नेहमीची परीक्षा

कापूरहोळहून सासवडमार्गे शिंदवणे घाट उतरला की उरुळी कांचन लागते. १९४६ मध्ये महात्मा गांधींनी तेथे निसर्गोपचार आश्रम स्थापन केला. त्यांचे सहकारी मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये तेथेच ‘बायफ’ संस्थेचा पाया घातला. महाराष्ट्रातील संकरित गोपैदास व गोठित रेत खेडोपाडी पोहोचविण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे.

वळूचे रेत उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रव नत्रात वर्षानुवर्षे टिकते व एका वेळच्या रेतापासून शेकडो मात्रा होतात. नेहमीच्या मात्रेत सुमारे दोन कोटी शुक्राणू असावेत व वितळविल्यानंतर निदान निम्मे पुढे सरकणारे असावेत, असा सर्वसाधारण निकष आहे. या परीक्षेत संख्या, गती व आकार दिसतात. शुक्राणू बीजांडाशी एकरूप होईल की नाही, हे तीत दिसत नाही.

चाळीस वळूंचे उदाहरण

२०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी फ्लेकफी जातीच्या ७,९६२ वळूंच्या जनुकीय नोंदी व १ कोटी ५३ लाख रेतनांचे निष्कर्ष एकत्र अभ्यासले. त्यांत ४० वळूंची प्रजननक्षमता अत्यंत हीन आढळली. त्यांच्या रेताने केलेल्या ३५,६७१ रेतनांपैकी केवळ १.७ टक्के यशस्वी झाली होती. विशेष हे की नेहमीच्या परीक्षेत त्यांचे रेत निर्दोष होते. कारण शोधता ‘टीएमईएम९५’ या शुक्राणूच्या आवरणातील प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडला. पुढील प्रयोगांत असे दिसले की अशा वळूचा शुक्राणू बीजांडापर्यंत पोहोचतो, परंतु त्याच्याशी एकरूप होऊ शकत नाही. हा दोष आई व बाप या दोघांकडून आल्यासच प्रकट होतो. एकाकडूनच आल्यास वळू निरोगी राहतो व दोष पुढच्या पिढीस देतो.

हजारो गाई उलटल्या आणि त्यांपैकी बहुतेकींच्या बाबतीत दोष गाईचा नव्हता, हा या उदाहरणाचा मथितार्थ आहे.

प्रथिनांचे कार्य

१. रक्षण : शुक्राणू तयार होताना त्याच्या केंद्रकातील हिस्टोनची जागा बव्हंशी प्रोटामीन घेते. त्यामुळे जनुकद्रव्य घट्ट बांधले जाऊन सुरक्षित राहते. हे बांधणे अपुरे राहिल्यास संख्या व गती चांगली असूनही गर्भ टिकण्यात अडचण येऊ शकते.

२. सिद्धता : वळूच्या शुक्राशयातून स्रवणारी ‘बीएसपी’ गटातील प्रथिने शुक्राणूच्या आवरणास चिकटतात व त्यातील कोलेस्टेरॉल कमी करून त्यास फलनासाठी सिद्ध करतात. परंतु हाच संपर्क दीर्घकाळ राहिल्यास आवरणास अपाय होतो. रेत साठविताना अंड्याचा बलक मिसळतात. त्यातील स्निग्ध घटक या प्रथिनांना बांधून ठेवतात व शुक्राणूचे रक्षण होते. एकच द्रव्य मात्रा व काल यांनुसार हितकर किंवा अहितकर ठरते, हे वैद्यास नव्याने सांगावयास नको.

३. सहचर्य : अधिक फलनक्षम वळूंच्या शुक्रद्रवात ऑस्टिओपाँटिन हे प्रथिन अधिक आढळल्याच्या नोंदी आहेत. हा संबंध सहचर्याचा आहे. तेवढ्यावरून कार्यकारणभाव ठरवू नये.

४. संयोग : ‘इझुमो’ हे शुक्राणूवरील प्रथिन २००५ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरात ओळखले व विवाहाशी निगडित अशा तेथील देवस्थानाचे नाव त्यास दिले. बीजांडावरील त्याचे जोडीदार प्रथिन ‘जुनो’ २०१४ मध्ये सापडले. या दोहोंचा मेळ झाल्याविना बीजसंयोग होत नाही.

व्यवसायातील उपयोग

प्रथम मर्यादा. पशुचिकित्सा हे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे. आपण पशुपालकास योग्य प्रश्न विचारावयास शिकवू शकतो. माज सकाळी दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा ऋतूचा विचार झाला. गर्भाशयाची तपासणी हा क्षेत्राचा, तर हिरवा चारा व खनिज मिश्रण हा अंबूचा. बीजाचा विचार मात्र राहून जातो. रेताच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो दरवेळी वहीत उतरवून ठेवावा. एकाच क्रमांकाच्या रेताने गाय वारंवार उलटत असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दुसऱ्या वळूचे रेत वापरून पाहावे. गाय विकण्यापूर्वी एवढे करणे अवघड नाही.

दुसरी बाब कालमर्यादेची. वळूत शुक्राणू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस, तर पुरुषात सुमारे ७४ दिवस लागतात. त्यापुढे अधिवृषणात पक्व होण्याचा काळ वेगळा. वृषणास शरीरापेक्षा कमी तापमान लागते. त्यामुळे ज्वर किंवा तीव्र उष्णतेचा परिणाम लगेच न दिसता काही आठवड्यांनी दिसतो. म्हणून रुग्णेतिहासात मागील तीन महिन्यांतील ज्वर व भट्टीजवळील काम यांची विचारणा आवर्जून करावी. वाजीकरण चिकित्सेचे मूल्यमापनही तीन महिन्यांपूर्वी करू नये. पंधरा दिवसांत औषध बदलणे शास्त्रास धरून नाही.

तिसरी बाब औषधालयांसाठी. अश्वगंधा, कपिकच्छू, गोक्षुर ही द्रव्ये शुक्राची संख्या व गती यांस साहाय्यक ठरू शकतील. परंतु जन्मजात बीजभागदोष त्यांनी दूर होईल, असे म्हणण्यास आधार नाही. लैंगिक क्षमता वाढविण्याच्या व स्त्रीवंध्यत्व बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने प्रतिबंध आहे. काउंटरवरून तोंडी दिलेली हमीही टाळावी.

उपसंहार

शुक्रपरीक्षणाचा अहवाल सामान्य असणे व बीज निर्दोष असणे यांत अंतर आहे. अहवाल सामान्य असूनही गर्भधारणा होत नसेल, तर स्त्रीवर दोष न ठेवता दोघांनाही पुढील तपासणीसाठी तज्ज्ञाकडे पाठवावे. ‘तुमच्यात काही दोष नाही’ असे पुरुषास सांगण्याऐवजी ‘या तपासणीत दोष दिसला नाही’ असे सांगावे. या वाक्याने एखाद्या घरातील सुनेवरचा ठपका टळू शकतो, हे लक्षात घेऊन वैद्याने आपले शब्द योजावेत.